हौसेचा पैसा आणि लोकांचा पहारा



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. ज्याचे आयुष्य कामगारांच्या सभांत गेले, त्याने बोनसवर बोलावे, महागाईवर बोलावे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात लोक रस्ता सोडून वाळूत आणि डोंगरात मोटारी कशा पळवितात, याच्याशी त्याला काय कर्तव्य? शंका रास्त आहे. पण युनियनच्या कामात माझा सर्वांत अधिक संबंध आला तो वर्गणीशी. अनेकांच्या खिशातून थोडा थोडा पैसा एका पेटीत जमला, म्हणजे ती पेटी कोणाची, तिला कुलूप कोणाचे आणि किल्ली कोणाजवळ, हा प्रश्न उभा राहतो. तो प्रश्न कॅलिफोर्नियाच्या या प्रकरणात जितका उघडा दिसतो, तितका मला अन्यत्र क्वचितच दिसला. मी शाळेत फार शिकलेलो नाही. जे वाचले ते गरजेपोटी वाचले. म्हणून आपल्यापुढे सिद्धांत न ठेवता हकीकत ठेवतो.

प्रथम हौसेविषयी. मोटारसायकल, जीप किंवा जाड टायरांची लहान चारचाकी घेऊन सुटीच्या दिवशी माळावर जाणे, चढ चढणे, धूळ उडविणे, ही हौस तेथे केवळ श्रीमंतांची नाही. कारखान्यात आठवडाभर राबणारा माणूसही पोरांना घेऊन जातो. ज्या चळवळीचा मी शिपाई आहे, तिच्या आरंभीच नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुटी मागितली आणि १८९० साली ती मिळविली. तेव्हा विरंगुळा म्हणजे चैन, असे म्हणणारा मी नव्हे. सरकारने लोकांच्या विरंगुळ्यावर पैसा खर्च करावा, हे मला मान्य आहे. प्रश्न आहे तो त्या खर्चावरच्या देखरेखीचा.

हा पैसा येतो कोठून? १९७१ साली चॅपी आणि झ्बर्ग या दोन आमदारांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. दोघे दोन विरोधी पक्षांचे. या गाड्या वाटेल तेथे फिरून रान तुडवीत होत्या. त्यापेक्षा त्यांना ठरावीक जागा द्यावी, तेथे व्यवस्था ठेवावी आणि त्याचा खर्च त्या हौसेतूनच निघावा, असा विचार. त्यासाठी गाडीच्या नोंदणीची फी आहे, उद्यानाची प्रवेश-फी आहे. पण मोठा वाटा आहे तो पेट्रोलवरील कराचा. पेट्रोलवरील कर मुख्यतः रस्त्यांसाठी. जे पेट्रोल रस्त्याबाहेर जळले त्याचा कर रस्त्याकडे न जाता या निधीकडे जावा, असा हिशेब. ऐकायला अगदी न्याय्य!

परंतु पंपावर पेट्रोल भरताना ते कोठे जळणार, हे पंपाला काय ठाऊक? म्हणून अंदाज करावा लागतो. जो माणूस साधी मोटार घेऊन कच्च्या वाटेने तंबू ठोकायला किंवा पायी भटकायला गेला, त्याचेही पेट्रोल रस्त्याबाहेर जळलेले. ते या निधीत धरले, म्हणजे पायी फिरणाराही नकळत वर्गणीदार झाला. निधीवर नाव एकाचे आणि पैसा अनेकांचा. मग गाडीवाला म्हणतो, "पैसा आमचा, आम्ही ठरवू", आणि पायी चालणारा म्हणतो, "बाबा रे, त्यात माझाही घाम आहे."

यावर उपाय म्हणून १९८२ साली एक आयोग नेमला गेला. आज त्याचे नऊ सभासद असतात. पाच राज्यपाल नेमतो, दोन सिनेट आणि दोन असेंब्लीचा सभापती. गाडीवाल्यांबरोबर माती आणि प्राणी यांचे जाणकार, ग्रामीण जमीनमालक, निसर्गरक्षक संस्थांची माणसे, पोलिसी अनुभवाची माणसे यांनाही त्यात जागा असावी, असे कायदाच सांगतो. शिवाय १९६७ पासून त्या राज्यात खुल्या सभांचा कायदा आहे. अशा सरकारी मंडळाने दहा दिवस आधी कार्यक्रमपत्रिका प्रसिद्ध करायची, दार उघडे ठेवायचे आणि आलेल्या नागरिकाला बोलू द्यायचे. सामान्य माणसाने ताठ उभे राहून "हा पैसा येथे का दिला?" असे विचारावे आणि ते टिपणात यावे, ही मोठी गोष्ट आहे.

आणि या आयोगाच्या हाती नुसते कान नव्हते, किल्लीही होती. कोणत्या जंगल खात्याला, कोणत्या जिल्ह्याला किती अनुदान द्यायचे, हे उघड सभेत आयोग ठरवी. २००७ साली कायदा बदलला आणि अनुदान देण्याचे काम उद्यान खात्याच्या त्याच शाखेकडे गेले, जी शाखा गाड्यांची ही उद्याने स्वतः चालविते. बदल करणाऱ्यांचे म्हणणे असे, की आयोगात गटबाजी होते, अर्जांना गुण देऊन नियमाने वाटप व्हावे. त्यात तथ्य नव्हते असे मी म्हणत नाही. त्याच कायद्याने वाटपाचे भागही बांधून दिले : निम्मा पैसा व्यवस्था आणि देखभालीला, शेकडा २५ बिघडलेली जमीन पूर्ववत करण्याला, शेकडा २० बंदोबस्ताला, शेकडा ५ शिक्षण आणि सुरक्षिततेला. अर्ज लोकांसमोर ठेवून त्यांची मते मागविण्याची रीतही ठेवली. हे सारे चांगलेच. पण आयोगाकडे उरले काय? ऐकणे, सुचविणे, अहवाल देणे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

आणखी एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. पूर्वी या योजनेला मुदत असे. मुदत संपत आली, की सर्वांना विधिमंडळापुढे येऊन हिशेब द्यावा लागे. २०१७ साली जमीन आणि वन्यजीव यांच्या रक्षणाच्या अटी कडक करून योजना कायमची करण्यात आली. अटी मिळाल्या, मुदत गेली. आमच्याकडे करार संपताना मालक जितक्या आदराने बोलतो, तितका करार चालू असताना बोलत नाही. म्हणून मुदतीची किंमत मला कळते.

आता प्रत्यक्ष ठिकाण पाहा. सॅन लुईस ओबिस्पो जिल्ह्यात समुद्रकाठी ओशिआनो ड्यून्स नावाचे सुमारे ३,६०० एकरांचे सरकारी उद्यान आहे. वाळूच्या टेकड्या आणि त्यांवर गाड्या. वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो आणि वाऱ्याच्या तोंडी निपोमो मेसा नावाची वस्ती आहे. चाकांनी झुडपे मोडतात, वाळूचा वरचा थर सुटा होतो आणि जोराचा वारा सुटला म्हणजे बारीक धूळ थेट लोकांच्या घरात. ती साधी धूळ नव्हे. फुफ्फुसात उतरणारी धूळ. तेथील हवा-नियंत्रण मंडळाने २०१० साली अभ्यास करून सांगितले, की गाड्यांचा वावर हे या धुळीचे एक मोठे कारण आहे. उद्यान खात्याला आणि गाडीवाल्यांना ते पटले नाही. किती धूळ निसर्गाची आणि किती चाकांची, यावर वाद झाले. २०११ साली मंडळाने नियम केला. २०१८ साली उद्यान खात्याला तडजोडीच्या हुकुमाखाली काही भाग कुंपणाने बंद करणे, झाडोरा लावणे, वारा अडविणे भाग पडले.

येथे थांबून विचार करा. त्या वस्तीतील म्हातारी गाडी चालवीत नाही, उद्यानाची फी भरीत नाही. म्हणून तिचा आवाज निधीच्या हिशेबात कोठेच नव्हता. तिच्या बाजूने लगाम ओढला तो निधीच्या आयोगाने नव्हे, तर ज्याचा त्या निधीशी काही संबंध नाही अशा हवेच्या मंडळाने. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही जगाची रीत आहे. म्हणून पहारेकऱ्याची पोळी दुसऱ्या चुलीवर भाजली पाहिजे.

पण पहारेकऱ्यालाही मर्यादा हवी. किनाऱ्यांची देखरेख करणाऱ्या आयोगाने २०२१ साली तीन वर्षांत तेथील गाड्या बंद कराव्यात असा ठराव केला. गाडीवाले कोर्टात गेले आणि २०२३ साली कोर्टाने ठरविले, की जुना परवाना असा बदलण्याचा अधिकार आयोगाला नाही. हेतू चांगला म्हणून अधिकार आपोआप येत नाही. हे आम्हा चळवळीच्या माणसांनाही ऐकायला हवे.

दुसरे उदाहरण टेस्ला येथील डोंगराळ जमिनीचे. या निधीतून तीन हजारांहून अधिक एकर जमीन गाड्यांसाठी घेतली गेली होती. शेजारच्या लोकांनी वर्षानुवर्षे सभा, हरकती, दावे असा पिच्छा पुरविला. २०२१ साली कायद्याने ती जमीन गाड्यांपासून राखली. आणि गाड्यांच्या निधीला सुमारे ३ कोटी डॉलर परत भरून देण्यात आले. मला हे आवडले. जमीन वाचली आणि वर्गणीदाराचा पैसाही बुडविला नाही.

आता माझीच एक गोष्ट सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मी युनियनचा खजिनदार होतो. वार्षिक सभेत मी हिशेब घडाघडा वाचला. एक वृद्ध हमाल उठून म्हणाले, "भाऊ, मला वाचता येत नाही. चहापाण्याचा आकडा पुन्हा सांगा, आणि पावत्या दाखवा." मला राग आला. माझ्यावर संशय? मी त्यांना तोडून बोललो आणि सभा पुढे नेली. रात्री पावत्या काढून बसलो, तर दोन पावत्या नव्हत्याच. पैसा मी खाल्ला नव्हता. हलगर्जीपणा केला होता. पण ते उठले नसते तर मला तो कधीच कळला नसता. पुढच्या सभेत मी त्यांची माफी मागितली. तेव्हापासून मी समजतो, की हिशेब मागणारा शत्रू नसतो. तो तिजोरीचा फुकटचा रखवालदार असतो.

आपल्याकडे १९७५ साली व्यवसायकर सुरू झाला तो रोजगार हमीच्या नावाने. समोर बसलेल्या कितीतरी जणांच्या पगारातून तो कापला जातो. तो कोठे जातो, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले? २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. अर्ज एका कागदाचा. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, यात दोष नेहमी कुत्र्यालाच देऊन चालणार नाही. आपण डोळस असून डोळे मिटून दळतो.

म्हणून कोणत्याही सार्वजनिक निधीला, मग तो हौसेचा असो की भाकरीचा, चार प्रश्न विचारा. पैसा खरोखर कोणाचा? किल्ली कोणाजवळ, आणि तो ती उघड सभेत फिरवितो का? पहारेकरी त्याच पेटीवर पोसला जातो का? आणि जो पैसा भरीत नाही पण धूळ खातो, त्याला बोलायला जागा आहे का? पहिले तीन प्रश्न विचारणारे पुष्कळ भेटतात, कारण त्यांत आपला पैसा असतो. चौथा प्रश्न दुसऱ्यासाठी विचारावा लागतो. तो विचारणारा समाजच सार्वजनिक म्हणविण्यास पात्र आहे.

 उठून हिशेब विचारायचा असेल, तर मी येथेच उभा आहे.