कोंबडीच्या पुढ्यातली फोड



वैशाख तापला की घरोघरी कलिंगडं फुटतात आणि साली थेट परसात जातात. कोंबड्या तुटून पडतात. आपण म्हणतो, गोडाची काय आवड आहे हो यांना! तसं काही नाही. गोड चव ओळखायला लागणारा जनुकच कोंबडीत नाही. तिला हवा असतो तो ओलावा. तिला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणं हाच तिचा उन्हावरचा मोठा उपाय. कलिंगड तर शंभरात नव्वद भाग पाणीच. म्हणून दुपारची गार फोड तिला मानवते.

पण फळाने अंडं होत नाही. अंड्यावरची चांगली कोंबडी दिवसाला 100 ते 120 ग्रॅम खाद्य खाते आणि एका कवचातच सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम घालते. पपईने पोट भरलं तर ते यायचं कुठून? तेव्हा सकाळी भरडा आणि शिंपल्यांचा चुरा. फळ दुपारनंतर, तेही एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आत. पपई बियांसकट चालते, पिकलेला पेरू चालतो. रायवळ आंब्याचा बाठा टाकून पाहा, टोचत बसतात बिचाऱ्या.

बियांचं मात्र जपून. सीताफळाच्या बियांची पूड आपल्याकडे उवा मारायला वापरतात, यातच काय ते समजा. कोंबडी बी अख्खी गिळते खरी, पण पोटातले खडे ती दळतात. सफरचंदाच्या बियांतून तर सायनाइड सुटतं. मधला भाग काढूनच फोड द्यावी. हल्ली शहरातून ॲव्होकॅडो येतं, ते अजिबात नको. त्यातलं पर्सिन पक्ष्यांच्या हृदयाला घातक.

माझं खरं भांडण आहे ते ‘नासलंय, टाक कोंबड्यांना’ या सवयीशी. कोंबडी म्हणजे उकिरडा नव्हे! बुरशीतली विषं यकृत खराब करतात. सडक्या ढिगात बोट्युलिझमचं विष तयार होऊ शकतं. ते अळ्यांना बाधत नाही, पण अळ्या टिपणाऱ्या कोंबडीची मान लुळी पडते.

उरलेल्या साली संध्याकाळी उचलाव्यात, नाहीतर उंदीर येतात. फळ खुराड्यात टाकूच नये. ओल धरलेल्या तुसात रक्ती हगवणीचं फावतं. कलिंगडानंतर विष्ठा थोडी पातळ होणारच. दुसऱ्या दिवशीही तशीच राहिली, किंवा तिच्यात रक्त दिसलं, तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.