पांढरा डाग, तांबडा डाग



सणाच्या आवराआवरीत मोरीत उकिडवं बसून, तारेची घासणी घेऊन फरशीशी झटापट करणारं कुणी दिसलं की मी एकच प्रश्न विचारते. डाग पांढरा आहे की तांबडा? लोकांना प्रश्न चमत्कारिक वाटतो. पण रसायनशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, तेव्हा माझा नाइलाज आहे. या दोन डागांची औषधं वेगळी आहेत. आणि डाग ज्याच्यावर बसलाय त्याची प्रकृती तर त्याहून वेगळी.

आधी पांढरा. बोअरच्या पाण्यावर ज्यांचं घर चालतं त्यांना हा सांगायला नको. नळाच्या तोंडाशी खरखरीत कडं, बादलीला आतून साय धरल्यासारखा थर, गिझरमधून खडखड आवाज. शाळेच्या पुस्तकात या पाण्याला दुष्फेन म्हणायचे, कारण त्यात साबणाला धड फेस येत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. पाणी तापलं किंवा वाळलं की त्यात विरघळलेला चुना कॅल्शियम कार्बोनेट होऊन बाहेर पडतो आणि जिथे असेल तिथे चिकटतो. आमच्या आजीच्या तांब्याच्या बंबात हा थर इतका जाड झाला होता की पाणी तापायला दुप्पट लाकडं लागायची.

चुन्याचं औषध आंबट. लिंबू, व्हिनेगर, किंवा किराणा दुकानात मिळतं ते लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड. मला तेच आवडतं. स्वस्त, वास नाही, आणि उरलेलं टिकतं. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे पुरेत. शॉवरची चाळणी बंद झाली असेल तर हे पाणी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा, चाळणी त्यात बुडेल अशी पिशवी रबराने बांधा आणि तासभर विसरून जा. नळाला फडकं भिजवून गुंडाळा. पण नळावर चकचकीत मुलामा असेल तर अर्ध्या तासात काढा आणि साध्या पाण्याने धुवा. बुडबुडे येतात तो थर विरघळत असतो. तुम्ही घासत बसू नका. घासल्याने डाग जितका जातो, त्याहून जास्त नळाची चमक जाते.

आता इथे माझी एक फजिती सांगते. लग्नानंतरच्या पहिल्या बिऱ्हाडात मोरीला शहाबादी फरशी होती, तिच्यावर पांढरे ओघळ. मी रसायनशास्त्राची पदवीधर. संडास धुवायचं ॲसिड आणलं आणि ओतलं. फेस असा काही उसळला की मला वाटलं, बघा, शिक्षण कामी आलं! धुऊन पाहते तर डाग गेला होता, आणि त्याच्यासोबत फरशीचा गुळगुळीतपणाही. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडकच. कडप्पा, कोटा तेच, संगमरवरही त्याच घराण्यातला, आणि मोझॅकमध्ये संगमरवराचे तुकडे असतात. डाग आणि फरशी एकाच द्रव्याची असली तर ॲसिडला कसं कळावं, कुणाला खायचं ते? म्हणून आधी एखाद्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा थेंब टाका. फरशीच फसफसली तर आंबट काहीही तिथे नेऊ नका. चिनी मातीच्या टाइलला भीती नाही, तिच्या सांध्यातल्या सिमेंटला मात्र आहे.

तांबड्याकडे वळू. कोकणात जांभ्याच्या मुलखात विहिरीचं किंवा बोअरचं पाणी कधी कधी उपसताना स्वच्छ असतं आणि बादलीत रात्रभर राहिलं की तळाशी तांबूस गाळ बसतो. पाण्यात विरघळलेलं लोह हवा लागली की गंजाच्या रूपात खाली येतं. अशा पाण्यात पांढरे कपडे धुताना ब्लीचिंग पावडर घातलीत तर कपडे आणखी पिवळे होतात, कारण ब्लीच लोहाला गंजाकडेच ढकलतं. गंजाच्या डागावर ब्लीच घासणं म्हणजे डागाला कायमचा मुक्काम देणं.

कपड्यावर तारेचा किंवा खिळ्याचा डाग पडला तर लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवा, वाळत आलं की पुन्हा रस लावा, मग धुवा. सुती पांढऱ्याला हे चालतं, रंगीत साडीला आधी आतल्या शिवणीवर करून पाहा. टाइलवरच्या हट्टी गंजाला रंगाच्या दुकानात मिळणारं ऑक्झॅलिक ॲसिड लागतं. ते लोहाला धरून पाण्यात विरघळवतं. अळू नीट शिजलं नाही तर घशाला खाजतं ना, ते याच आम्लाच्या कॅल्शियमबरोबर झालेल्या सुयांमुळे. पण हे पांढरे स्फटिक साखरेसारखे दिसतात आणि विषारी आहेत, मूत्रपिंडं निकामी करतात. हातमोजे घाला, ग्लासभर पाण्याला एक चमचा घ्या, लावल्यावर दहा मिनिटांत भरपूर पाण्याने धुवा, आणि पुडी स्वयंपाकघरात कधीही ठेवू नका.

आणि ही एक गोष्ट दोनदा सांगते. कुठलंही ॲसिड आणि ब्लीच एकत्र करू नका. ॲसिड आणि ब्लीच एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि आपली न्हाणीघरं म्हणजे बंद पेट्याच.

राहिला गॅसच्या टाकीखालचा तांबडा गोल. तो बहुधा नेमका कडप्प्यावर किंवा संगमरवरावर असतो, म्हणजे ॲसिड बाद. इथे थोडी युक्ती करावी लागते. लिंबूसत्वाच्या पाण्यात खाण्याचा सोडा थोडा थोडा टाकत जा, फसफसणं पूर्ण थांबेपर्यंत. आंबटपणा मेला, पण लोहाला धरण्याचा गुण राहिला. त्यात खडूची पूड कालवून दाट लेप करा, डागावर थापा, वर प्लॅस्टिक झाका, दुसऱ्या दिवशी काढा. एकदा लावून भागत नाही, तीनचार वेळा लावा. जुना डाग फिकट होईल, पूर्ण जाईलच असं मी सांगत नाही. नवी टाकी आली की खाली जुनं पायपुसणं किंवा चाकांची गाडी ठेवा.

बिडाचा तवा किंवा विळी गंजली तर मात्र यातलं काही नको. चिंचेचा कोळ आणि जाडं मीठ लावून नारळाच्या शेंडीने घासा, धुवा, लगेच गॅसवर कोरडं करा आणि कोमट असतानाच तेलाचं बोट फिरवा. तवा पाण्यात भिजत ठेवायची सवय मात्र ज्यांना आहे, त्यांनी ती आज रात्रीपासूनच सोडावी.