मागं राहिलेलं पोर
(शताब्दी सोहळ्यात दिंडीच्या वतीनं झालेलं भाषण)

माउलीहो, १०० वर्षांत दिंडीनं काय कमावलं, ते वडीलधाऱ्यांनी सांगितलं. आम्ही गमावलेलं सांगणार आहोत.

फार वर्षांमागं एका मुक्कामी दिंडीच्या पेटीतले पैसे गेले. १४ वर्षांच्या एका पोराजवळ सापडले. आम्ही त्याला सर्वांदेखत मारलं, गळ्यातली माळ काढून घेतली आणि गावी धाडलं. का घेतलेस, एवढंही विचारलं नाही. गावात त्याचं नाव 'चोर' पडलं. शाळा सुटली, कामावर कुणी घेईना. शेवटी चोरांनीच त्याला जवळ केलं. पहिली चोरी त्याची. पुढच्यांत आमचाही वाटा आहे.

२००७ साली तंटामुक्त गाव मोहीम आली, बांधाची भांडणं पारावर मिटू लागली. पुढं पोरांसाठी गाव बाल संरक्षण समिती झाली. सरपंच, शिक्षक, अंगणवाडीताई अशी ओळखीचीच माणसं. पोलिसांना पोर दिसतं ते गुन्हा झाल्यावर. ताईला त्या घरची चूल कधी विझली ते आधी कळतं, गुरुजींना हजेरीत कळतं. म्हणून आमची समिती दर महिन्याला बसते आणि विचारते : शाळेत कोण येईना? कुणाच्या घरी दारूपायी मारझोड आहे? कोण परक्यांच्या गाडीवर हिंडतंय? मग एकच जण, गाजावाजा न करता, त्या घरी जातो.

तरी परवा विहिरीवरची केबल गेलीच. तांब्यासाठी दोन पोरांनी कापली होती. लोक म्हणाले, खांबाला बांधा. आमचे हात पुन्हा शिवशिवले, खोटं कशाला बोला! पोलीस पाटील आडवे आले. २०१५ चा कायदा सांगतो, १८ च्या आतल्या मुलाला कोठडीत टाकायचं नाही, २४ तासांत बाल न्याय मंडळापुढं न्यायचं, नाव-फोटो कुठं छापायचा नाही. गुरुजी पोरांबरोबर मंडळापुढं गेले. मंडळानं समज देऊन घरी पाठवलं. एक परत शाळेत बसला. दुसऱ्याची दहावी झाली होती, त्याला आयटीआयत वायरमनच्या कोर्सला घातलं.

एक ध्यानात ठेवा, समिती म्हणजे कोर्ट नव्हे. लेकराबाळावर अत्याचार झाला तर पारावर मिटवामिटवी करायची नाही, पोलिसांत जायचं. मूल संकटात दिसलं तर १०९८ फिरवायचा.

वाटेत कुणी मागं राहिलं तर दिंडी थांबते, हाक मारते. गावानंही तेवढंच करायचं आहे.

त्या पहिल्या पोराची माळ आमच्यातल्या एकाच्या देव्हाऱ्यात आजही आहे. न्यायला तो आला नाही. दुसऱ्या कुणाची अशी आमच्याकडं राहू नये, एवढंच पांडुरंगाला मागणं.

राम कृष्ण हरी!