कोणता कांदा? इंग्रजीतील नामाआधीचे शब्द
(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आपल्या बाजार समितीत लिलावाच्या वेळी एखाद्या पाहुण्याने "कांद्याचा भाव काय?" असे विचारले, तर त्याला उत्तराऐवजी उलट प्रश्नच ऐकावा लागेल : "कोणता कांदा?" लाल, उन्हाळ की गोल्टी? लाल कांदा फार दिवस टिकत नाही, उन्हाळ कांदा चाळीत महिनोन्‌महिने राहतो, आणि गोल्टी म्हणजे आकाराने लहान. नाम एकच, पण भाव ठरतो तो त्याच्या आधीच्या शब्दावर. व्याकरणात या शब्दाला विशेषण म्हणतात. आज मला इंग्रजीतील अशाच शब्दांविषयी बोलायचे आहे, कारण उत्तरपत्रिका तपासताना आमच्या मुलांचे गुण याच ठिकाणी गळताना मी वर्षानुवर्षे पाहिले आहेत.

आमच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून इंग्रजीचे धडे गिरवले. ती पद्धत आता जुनाट मानली जाते. मला मात्र ती पटते. दोन भाषा शेजारी शेजारी ठेवल्या की वळण कोठे बदलते ते दिसते.

मराठीत आपण चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले मूल म्हणतो. उर्दूतही अच्छा लडका, अच्छी लडकी. पण 'लाल' हा शब्द घ्या. लाल कांदा, लाल मिरची, लाल डाळिंबे. लाल काही हलत नाही. इंग्रजीतील विशेषणे या लालसारखी आहेत. फक्त 'धिस'चे 'दीज' आणि 'दॅट'चे 'दोज' होते, एवढे ध्यानात ठेवावे. विशेषणाच्या जागी नाम बसले तरी ते बहुधा एकवचनीच राहते : ओनियन मार्केट. आपणही कांदा मार्केटच म्हणतो, कांदे मार्केट म्हणत नाही. 'स्पोर्ट्स डे' सारखे काही शब्द याला अपवाद आहेत.

खरी अडचण येते ती संख्या आली की. 'पाच वर्षांचा मुलगा' याचे भाषांतर मुले 'फाइव्ह इयर्स ओल्ड बॉय' असे करतात. त्यात त्यांचा दोष नाही. मराठीत 'वर्षांचा' असे अनेकवचन असते, ते तसेच इंग्रजीत उतरते. पण नामाआधी लिहावे लागते 'फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय', मध्ये संयोगचिन्हे देऊन. तोच मजकूर क्रियापदानंतर गेला की 'द बॉय इज फाइव्ह इयर्स ओल्ड', येथे 'एस' हवाच. दहा रुपयांची नोट ही 'टेन-रुपी नोट' असते ती याच नियमाने.

या संयोगचिन्हाची किंमत मला पदरमोड करून कळली आहे. तरुणपणी मी शेजारच्या एका दुकानदाराची इंग्रजी पत्रे लिहून देत असे. रमजानपूर्वी त्यांना परराज्यातून खजूर मागवायचा होता : पाच किलोचे वीस खोके, म्हणजे १०० किलो. मी ऐटीत लिहिले, 'ट्वेन्टी फाइव्ह किलो बॉक्सेस'. संयोगचिन्ह कोठेच नाही. माल आला तो एक एक किलोचे २५ खोके! समोरच्या व्यापाऱ्याची चूक काय? त्याने 'ट्वेन्टी-फाइव्ह किलो-बॉक्सेस' असे वाचले. तिसऱ्या कोणी ते २५ किलोचे खोके असेही वाचले असते. मला लिहायला हवे होते 'ट्वेन्टी फाइव्ह-किलो बॉक्सेस'. मराठीत 'पाच किलोचे वीस' म्हटले की तो 'चे' सगळी वाटणी करून देतो. इंग्रजीत ते काम एका आडव्या रेघेकडे आहे. दुकानदार चाचा रागावले नाहीत, पण दुसऱ्या खेपेचे रेल्वेभाडे मी दिले.

'माझा एक मित्र' हेही असेच. मुले बेधडक 'माय वन फ्रेंड' लिहितात. 'अ फ्रेंड ऑफ माइन' म्हणावे, किंवा 'वन ऑफ माय फ्रेंड्स'.

आता त्याहून मोठा फरक. मराठीत नामाआधी कितीही लांब माळ ओवता येते : 'काल सकाळी विंचूरहून कांदा घेऊन आलेला शेतकरी'. इंग्रजीत एक-दोन शब्द असतील तर पुढे, माळ असेल तर मागे. 'द फार्मर हू केम फ्रॉम विंचूर...' असे. २००७ साली आपल्या लासलगावच्या विकिरण केंद्रातून प्रक्रिया झालेले आंबे अमेरिकेला गेले, हे पालकांना आठवत असेल. नुसते 'प्रक्रिया केलेले आंबे' म्हणायचे तर 'ट्रीटेड मँगोज'. पण 'लासलगावला प्रक्रिया केलेले आंबे' म्हणजे 'मँगोज ट्रीटेड अ‍ॅट लासलगाव'. गाव जोडले की सारे नामाच्या मागे जाते.

मातांनी एक जोडी अवश्य लक्षात ठेवावी. 'बॉइलिंग वॉटर' म्हणजे उकळते पाणी. 'बॉइल्ड वॉटर' म्हणजे उकळलेले. लहान मुलांच्या काही औषधांची बाटलीत भुकटी असते आणि तीत 'बॉइल्ड अँड कूल्ड वॉटर', म्हणजे उकळून गार केलेले पाणी, घालण्यास सांगितलेले असते. तेथे उकळते पाणी ओतले तर औषध बिघडण्याची भीती.

उर्दू शिकणारी मुले मला विचारतात, सर, दीवान-ए-आम, दीवान-ए-खास यांत नाम आधी कसे? ती फारसीची इजाफत. तीत विशेषण मागून येते. इंग्रजीतही फ्रेंचमधून आलेले असे काही शब्द आहेत. 'अ‍ॅटर्नी जनरल' यात नाम 'अ‍ॅटर्नी', म्हणून त्याचे अनेकवचन 'अ‍ॅटर्नीज जनरल'. 'कोर्ट मार्शल'चे तसेच 'कोर्ट्स मार्शल'. दीवान-ए-आम ज्याला समजला त्याला हे पाठ करावे लागत नाही.

विद्यार्थ्यांनी 'पन्नास किलोच्या दहा गोण्या' आणि 'लिलावात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरमधील कांदा' या दोन्हींचे इंग्रजी लिहून सोमवारी माझ्याकडे आणावे. वही नसेल तर चिठ्ठीवर चालेल.