फर्मानाकडून संविधानाकडे
(स्वागताध्यक्षीय भाषण)



गोदातीरावरील या नांदेड नगरीत, लातूर-उदगीरपासून किनवट-माहूरपर्यंतच्या गावांतून आपण संविधानाचा विचार करण्यासाठी आलात, याबद्दल स्वागतसमितीच्या वतीने मी आपले अंतःकरणपूर्वक स्वागत करतो.

असे एकत्र जमणे हा आपला हक्क आहे, यात इतर प्रांतांतील श्रोत्यांस नवल वाटणार नाही. परंतु निजामाच्या हैदराबाद संस्थानातील ज्या मराठवाडी मुलखात ‘गश्ती निशाण 53’ या परिपत्रकान्वये सरकारी इजाजतीवाचून जाहीर सभा घेता येत नसे, आणि जेथे हैदराबाद स्टेट काँग्रेस 1938 साली रीतसर स्थापन होण्यापूर्वीच बेकायदा ठरवली गेली, त्या मुलखातील माणसास या हक्काचे मोल निराळे सांगावे लागत नाही. निजामी राज्यात कायदे नव्हते असे नव्हे. अदालती होत्या, मुनसफ होते. न्यायखाते कारभारापासून अलग करण्याचा निर्णयही तेथे 1921 सालीच झाला, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. मात्र या साऱ्याचा उगम एका पुरुषाच्या इच्छेत असल्यामुळे, एका फर्मानाने दिलेले दुसऱ्या फर्मानाने हिरावून घेण्यास कोणाची आडकाठी नव्हती.

या एकसत्तेविरुद्ध स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली लोक लढले, सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद मुक्त झाले, आणि 23 नोव्हेंबर 1949 रोजी भारताची घटना या संस्थानास लागू होईल असे फर्मान खुद्द निजामांनीच काढले. 26 जानेवारी 1950 पासून ते राजप्रमुख झाले खरे, पण कालपर्यंत ज्यांचा शब्द हाच कायदा होता, त्यांचे पदच आता कायद्याने निर्माण केलेले व कायद्याने मर्यादित केलेले होते. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेले जुने कायदे त्या विसंगतीपुरते शून्यवत ठरवणाऱ्या तेराव्या अनुच्छेदाचे सामर्थ्य, माझ्या मते, मराठवाड्याइतके फार थोड्यांना उमगले असेल.

तरीही हक्काची दाद मागण्याची वाट लांब असेल, तर गरिबास तो हक्क असून नसल्यासारखा होतो. 1981 साली औरंगाबादेस उच्च न्यायालयाचे पीठ आले आणि आमची मुंबईची पायपीट वाचली. परंतु ज्यांच्या मुलखाला संविधानाच्या पाचव्या अनुसूचीचे आदिवासी क्षेत्रांसाठीचे संरक्षण आहे, त्या किनवटच्या डोंगरातील कोलाम बांधवांस वकिलाचे घरदेखील अद्याप दूरच वाटते. म्हणून अध्यक्षमहाराजांस माझी विनंती आहे, की खुल्या अधिवेशनात पहिले भाषण त्यांच्या प्रतिनिधीचे व्हावे. ते कोलामीत बोलू इच्छित असतील तर त्यांच्याशेजारी दुभाषा बसवण्याची व्यवस्था स्वागतसमितीने केली आहे.