कचरावेचक बाई आणि आपली बादली



घंटा वाजली की बादली घेऊन खाली उतरायचं, ही आपल्या नाशिककरांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट. पण घंटागाडीच्या आधी, पहाटेच, पाठीवर गोणी घेतलेली एक बाई गल्लीतून जाऊन आलेली असते. गाडीवरच्या कामगाराला निदान ठेकेदार तरी आहे. हिला मालकच नाही. हात कापला, कुत्रं चावलं, तर कामावर झालेला अपघात म्हणून नोंद करायची कुणी?

सुरक्षितता म्हटलं की हातमोजे वाटायचे आणि फोटो काढायचा, अशी एक रीत पडली आहे. बायका दोन दिवसांत मोजे काढून ठेवतात. मग आपण म्हणायला मोकळे, यांना कळतच नाही! अहो, मोजे पुरुषी मापाचे. उन्हात आत हात घामानं भिजतो. शिवाय प्लास्टिक कोणतं, हे बोटांनी चाचपून ओळखायचं असतं, त्यावर भाव ठरतो. जाड मोज्यातून ते कळणार कसं? मोजे हवेतच, पण तिला विचारून, तिच्या मापाचे.

आणि मोजा घातला तरी सुई आरपार जाते. ही सुई येते कुठून? दवाखान्यातून येते, तशी घरी इन्सुलिन घेणाऱ्या आपल्याकडूनही येते. तेच सॅनिटरी नॅपकिनचं. पाळीबद्दल आपण शिबिरं घेतली, शिवाशिवीविरुद्ध बोललो. पण वापरलेलं नॅपकिन दुसरी बाई उघड्या हातांनी बाजूला काढते, हे त्या बोलण्यात फारसं येत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी नॅपकिन गुंडाळून टाकण्याची जबाबदारी घरावर आणि त्यासाठी पिशवी पुरवण्याची उत्पादकांवर टाकली. पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेच्या बायकांनी २०१३ साली वापरलेली नॅपकिन्स सरळ कंपन्यांकडे परत पाठवली होती. मला ते फार आवडलं!

हे बळ एका दिवसात आलं नाही. तिथे १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. १९९६ साली महापालिकेनं त्यांची ओळखपत्रं मान्य केली. ओळखपत्र असलं की पोलीस चोर म्हणत नाही, पुढे विमाही मागता येतो. माझ्या मते मोज्यांच्या आधी कार्ड. त्यासोबत निवडायला सावलीची जागा, नळ आणि संडास. दिवसभर लघवी दाबून धरणं हाही कामाचाच आजार आहे.

हे वॉर्डात मागायला आपण त्यांच्यासोबत जाऊच. तोवर घरी एवढं करा : नॅपकिन वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका; सुया झाकणाच्या जाड प्लास्टिक डब्यात; फुटकी काच वेगळी बांधून, तोंडी सांगून द्या. आणि कुणा बाईला सुई टोचलीच, तर जखम पिळू देऊ नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा आणि त्याच दिवशी तिला सरकारी रुग्णालयात न्या. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. धनुर्वात आणि कावीळ ‘बी’च्या लशीचंही तिथेच विचारा.