वीणेचीही खांदमळणी

श्रोतेहो, मला विषय दिलाय ‘जुनी वाद्यं आणि त्यांची निगा’. त्यात पेटी येते, पखवाज येतो, तबला येतो. मी मात्र वीणेलाच धरून बसणार आहे. हाताशी सात मिनिटं आहेत आणि सांगायचंय ते एवढंच: हरिनाम सप्ताह उठला की वीणेच्या तारा सैल करा. बाकीचं विसरलात तरी चालेल.

आता तुम्ही म्हणाल, संत नामदेवांची नर्सी ज्यांच्या जिल्ह्यात त्यांना हे वीणा शिकवणार! खरं आहे. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा, कुठंही जा, वीणा काय ते सांगावं लागत नाही. सप्ताहात सात दिवस ती भुईला टेकत नाही. पहाऱ्याची यादी फळ्यावर लागते. रात्री दोनचा पहारा कुणाचा यावरून रुसवेफुगवे होतात. ज्याच्या गळ्यात वीणा पडते, त्याच्या पाया म्हातारी माणसंसुद्धा पडतात. सात दिवसांचे तास होतात १६८. सेकंदाला एकदा तार छेडली असं धरा, तरी सहा लाखांवर झंकार झाले.

आणि काला झाला, पंगती उठल्या, मांडव सुटला, की तीच वीणा खांबामागं खिळ्याला. तारा तशाच ताणलेल्या. वर पत्रा, शेजारी समईची काजळी. पुढच्या सप्ताहापर्यंत तिच्याकडं कुणी बघत नाही. औंढ्याला नामदेवांच्या कीर्तनासाठी अख्खं देऊळ फिरलं, असं आपण पोरांना सांगतो. आपल्याला नुसती मान फिरवून खांबामागं बघवत नाही.

बैलाचं असं करतो का आपण? औत सुटलं की पहिलं काम काय? जू उतरवायचं. मग पाणी, मग वैरण. जू मानेवर ठेवून बैल गोठ्यात बांधणारा शेतकरी मी तरी पाहिला नाही. आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी. गरम पाण्यानं खांदे शेकायचे, लोणी-हळद चोळायची, उद्याच्या जेवणाचं आवतान द्यायचं. हळद तर आपल्या वसमतचीच.

वीणेलाही खांदा असतो, मंडळी. भोपळ्यावरच्या तबलीवर ती छोटी घोडी बसवलेली असते ना, तिच्या पाठीवर तार टेकते. तोच खांदा. ती पाठ सपाट दिसते, पण सपाट नसते; अगदी हलका उतार दिलेला असतो. तार त्या उतारावर चाटत जाते, म्हणून आवाजाला झणकार येतो. याला जवारी म्हणतात. आता पोलादी तार रोज त्याच जागी घासली की तिथं चर पडतो. जुवानं बैलाच्या खांद्याला घट्टा पडावा तसा. चर पडला की तार त्यात रुतून बसते आणि वीणा बोलायची बंद होते, नुसती भद्द भद्द करते. वाजवणारे म्हणतात, जवारी गेली. मग लोक काय करतात? तार आणखी ताणतात. म्हणजे खांदा सुजलेल्या बैलाला वरून पराणी!

जवारी गेली म्हणून वीणा मेली नाही. जाणता कारागीर कानशीनं घोडीची पाठ पुन्हा घासून देतो, तारेखालचा सुताचा दोरा मागंपुढं सरकवत कान लावून बसतो, आणि वीणा परत बोलू लागते. घोडी पूर्वी हाडाची, सांबरशिंगाची करत. आता बहुधा प्लास्टिकच्या जातीची असते. ती झिजणारच, झिजण्यासाठीच आहे. पण दांडीचं तसं नाही. वर्षभर तारांचा ताण राहिला तर दांडी पुढं वाकते, खुंट्यांची भोकं सैल होतात, गळ्याशी भोपळा आणि दांडी जिथं जोडली तिथला सांधा उकलतो. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. पत्र्याखाली लाकूड आखडतं, मृगात तेच फुगतं. ताणलेल्या तारा असताना हे आखडणं-फुगणं सगळं त्या एका सांध्यावर येतं. म्हणून पुन्हा सांगतो, सप्ताह उठला की तारा सैल करा.

एका गावात मी वीणा पाहिली, गावाचं नाव घेत नाही, तिला भक्तिभावानं ऑइल पेंट दिला होता. देवळाच्या दाराला दिला तोच, उरलेला. तबली पातळ लाकडाची असते, ती थरथरायला हवी. तिच्यावर रंगाचे दोन हात दिले म्हणजे भजन म्हणणाऱ्याच्या तोंडाला फडकं बांधल्यासारखं. त्या गावात आता वीणा गळ्यात असते आणि आवाज मोबाईलमधल्या तंबोऱ्याचा, माईकला लावलेला. दुसऱ्या एका गावात भोपळ्याला चीर गेली म्हणून वीणा कयाधू नदीत सोडली. भंगलेली मूर्ती पाण्यात सोडतात, तशी. अहो, वीणा मूर्ती नाही. ती कामाची वस्तू आहे. नांगराचा फाळ झिजला म्हणून कुणी नांगर विहिरीत टाकतं का?

त्या भोपळ्याची किंमत कळावी म्हणून सांगतो. तो खायचा भोपळा नव्हे, कडू असतो. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला खास लावतात, वेलीवर पुरता जून होऊ देतात, मग वाळवतात. सुतार दांडी घडवील, तबली घडवील; भोपळ्याचा घेर मात्र वेलच ठरवते. असे भोपळे मिरजेला जातात. तिथं १८५०च्या सुमारास फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं करायला सुरुवात केली. घराणं शिकलगारांचं, म्हणजे मूळ धंदा हत्यारांना धार लावण्याचा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या वसमतच्या हळदीलाही त्याच वर्षी मिळालं, म्हणजे नातं जुळलंच! तर चीर गेलेला भोपळा तिथले कारागीर आतून कापडाची पट्टी लावून सांधतात. अगदीच गेला तर दुसरा बसवतात, दांडी जुनीच ठेवतात. जुनं, मुरलेलं लाकूड त्यांना नव्यापेक्षा प्यारं. आषाढीला आपल्या दिंड्या पंढरपूरला जातातच. तिथून मिरज काही फार लांब नाही. दिंडीतल्या एकानं चार गावांच्या आजारी वीणा गोळा करून... पण हे जमवायचं कसं, ते बोलायला आज वेळ नाही.

फायबरच्या भोपळ्याच्या वीणाही आता मिळतात. पावसात भिजल्या तरी बिघडत नाहीत. वारीच्या वाटेवर ठीक आहेत, मी नाव ठेवणार नाही. आवाजाचं विचारू नका.

गिटारवाल्या पोरांनाही एक शब्द. हिंगोलीतसुद्धा आता घराघरात गिटार दिसते, आणि सहा महिन्यांनी कपाटावरही दिसते. पोलादी तारांच्या गिटारवर सहा तारांचा मिळून सत्तर किलोच्या आसपास ताण असतो. म्हणजे हळदीचं भरलेलं पोतं टांगून ठेवल्यासारखं! तिच्या मानेत लोखंडी सळई घातलेली असते, म्हणून ती टिकते; मान वाकली तर ती सळई आवळून सरळ करता येते. झिजतात ते धातूचे पडदे. तारेखाली त्यांना खड्डे पडतात आणि सूर खरखरतो. गिटार टाकू नका, पडदे बदलता येतात. वीणेच्या दांडीत मात्र सळई नाही हो. तिला तुमच्या हाताशिवाय कुणी नाही.

स्टुडिओच्या काचेतून दोन बोटं दाखवतायत, म्हणजे दोन मिनिटं राहिली. तर तारा सैल करायच्या कशा ते नीट ऐका. पुष्कळांना वाटतं, सोडायच्या म्हणजे पार सोडायच्या. तसं करू नका. घोडी बहुधा चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानंच जागेवर उभी असते. तारा पार सोडल्या तर ती निसटते आणि पुन्हा बसवताना जागा चुकते. जू उतरवायचं, कासरा हातातच ठेवायचा. एकेक खुंटी थोडीशीच उलटी फिरवा. फिरवताना आत दाबून धरा, नाहीतर ती सरकन सुटते. सगळ्या तारा थोड्या थोड्या उतरवा, एकच एकदम नको. मग कोरड्या फडक्यानं तारांवरचा घाम पुसा. सात दिवसांत किती हातांचा घाम लागलेला असतो, तारा गंजतात त्या त्यानंच. तेल लावू नका. सुती गवसणी शिवा, आत कडुलिंबाचा वाळला पाला टाका, सुक्या भोपळ्यालाही कीड लागते, हळदीच्या कांडीला लागते तशी. आणि पत्र्याखाली नको, पुजाऱ्याच्या घरात, आतल्या भिंतीला...

हं, एकच बोट दाखवलं. खुंटी सरकत असेल तर तिला खडू लावायचा, तेही राहिलं. तारा सैल करा.